जुना डीएसएलआर की नवा मिररलेस? कॅमेरा घेण्यापूर्वी हे तपासा

कॅमेरा घ्यायचा ठरला की एकाच बजेटमध्ये दोन पर्याय समोर येतात. एक, काही वर्षांपूर्वी व्यावसायिक छायाचित्रकार वापरत असलेला आणि आता सेकंडहँड मिळणारा मोठा कॅमेरा. दुसरा, जवळपास तेवढ्याच पैशांत मिळणारा नवा कोरा, पण सुरुवातीच्या श्रेणीतला कॅमेरा. यातला कोणता घ्यावा, हे कॅमेऱ्याच्या वयापेक्षा तो कशासाठी लागणार आहे यावर ठरते.

दोन कॅमेऱ्यांचे उदाहरण

कॅनन ५डी मार्क ३ हा २०१२ मध्ये आलेला डीएसएलआर. त्यात आरसा असतो आणि व्ह्यूफाइंडरमधून थेट दृश्य दिसते. कॅनन आर५० हा २०२३ मधला मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा कॅमेरा. दोघांत ११ वर्षांचे अंतर आहे, पण मेगापिक्सेल जवळपास सारखेच: २२.३ आणि २४.२.

मोठा फरक सेन्सरच्या आकारात आहे. जुन्या कॅमेऱ्याचा फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमी, तर नव्याचा साधारण २२ × १५ मिमी. क्षेत्रफळात जुना अडीचपटीहून मोठा. त्यामुळे पोर्ट्रेटमध्ये मागची पार्श्वभूमी अधिक धूसर करता येते. कमी उजेडातही मोठ्या सेन्सरला फायदा होतो, मात्र नव्या सेन्सरनी हे अंतर बरेच कमी केले आहे.

नव्यात काय सुधारले?

ऑटोफोकस आणि व्हिडिओ. आर५० माणसाचा किंवा प्राण्याचा डोळा स्वतः शोधून त्यावर फोकस धरून ठेवतो. ५डी मार्क ३ मध्ये ६१ फोकस पॉइंट आहेत, पण योग्य पॉइंट डोळ्यावर ठेवणे हे छायाचित्रकाराचे काम. स्क्रीनवर पाहून फोटो काढताना त्याचा फोकस संथ होतो. व्हिडिओ फुल एचडीपर्यंतच मिळतो आणि शूटिंग चालू असताना फोकस हातानेच सांभाळावा लागतो. आर५० मध्ये ४के व्हिडिओ आहे. वजनातही तो निम्म्याहून हलका आहे.

कोणासाठी कोणता?

- रील्स, यूट्यूब, धावणारी मुले, प्रवास: नवा मिररलेस.
- पोर्ट्रेट, निसर्गदृश्ये, मंदिरे-किल्ले, वस्तूंचे फोटो: चांगल्या स्थितीतला जुना डीएसएलआर पुरेसा.
- लग्नाच्या ऑर्डरी: ५डी मार्क ३ मध्ये दोन कार्ड बसतात, आर५० मध्ये एकच. कार्ड बिघडले तर मंगलाष्टका पुन्हा होत नाहीत, म्हणून दोन्ही कार्डांवर एकाच वेळी फोटो साठवण्याची सोय इथे मोलाची ठरते. मात्र जुन्या कॅमेऱ्याला वॉरंटी नसते. त्यामुळे पैसे घेऊन काम करताना दुसरा कॅमेरा सोबत हवाच.

सेकंडहँड घेताना काय पाहावे?

१. शटर काउंट: कॅमेऱ्याने आजवर किती फोटो काढले याचा आकडा. ५डी मार्क ३ चे शटर दीड लाख क्लिकसाठी बनवलेले आहे. हा आकडा ओलांडला म्हणजे शटर लगेच बंद पडते असे नाही, पण ते बदलण्याचा खर्च धरूनच भाव करावा. निकॉनच्या बहुतेक डीएसएलआरमध्ये हा आकडा फोटोच्या माहितीतच सापडतो. कॅननसाठी बहुधा कॅमेरा संगणकाला जोडून सॉफ्टवेअरने पाहावा लागतो.

२. सेन्सर: अॅपर्चर एफ १६ वर ठेवून पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो काढावा. धुळीचे ठिपके साफ होतात, ओरखडे जात नाहीत.

३. लेन्स: आतून टॉर्च मारून पाहावी. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ती लवकर धरते.

४. कागदपत्रे: बिलावरचा आणि कॅमेऱ्यावरचा सीरियल नंबर जुळतो का ते पाहावे. बिल नसलेला कॅमेरा चोरीचा असू शकतो.

५. दुरुस्ती: जुन्या मॉडेलचे सुटे भाग कालांतराने मिळेनासे होतात. सर्व्हिस सेंटरला आधीच विचारून घ्यावे.

सगळे पैसे बॉडीवर घालू नयेत

कॅमेऱ्याची बॉडी जुनी होते, चांगली लेन्स मात्र वर्षानुवर्षे टिकते. डीएसएलआरसाठीच्या कॅननच्या ईएफ लेन्स अॅडॅप्टर लावून आर५० वर चालतात. उलट मात्र होत नाही: मिररलेससाठीच्या आरएफ लेन्स डीएसएलआरवर बसत नाहीत. म्हणजे आज जुना कॅमेरा घेतला तरी त्याच्या लेन्सवर घातलेला पैसा उद्या मिररलेस घेतल्यावरही कामी येतो.

तरीही निर्णय होत नसेल, तर दोन्ही कॅमेरे एकेक दिवस भाड्याने घेऊन ज्या कामासाठी ते हवे आहेत तेच काम त्यांवर करून पाहावे. चुकीच्या खरेदीपेक्षा ते भाडे स्वस्त पडते.