मुलकी, गैरमुलकी आणि विलायतेचा परवाना

देऊळगावराजाहून जालन्यास किंवा लोणारहून मंठ्यास जाणाऱ्या आजच्या प्रवाशास आपण वाटेत एक जुनी सरहद्द ओलांडली याची जाणीवही होत नाही. परंतु शंभर वर्षांपूर्वी या सरहद्दीपलीकडे जाणाऱ्या मालावर निजाम सरकारची करोडगिरी, म्हणजे जकात, आकारली जाई, आणि हैदराबादच्या दरबारी नोकरी मागणाऱ्या परस्थ सुशिक्षितास ‘मुलकी की गैरमुलकी’, म्हणजे रियासतीतला की बाहेरचा, या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागे. 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या अमलाखाली गेले आणि 1902 च्या करारान्वये सालीना 25 लक्ष रुपयांच्या मोबदल्यात कायमचे त्यांच्याकडे राहिले. सार्वभौमत्व मात्र कागदोपत्री निजामाचेच होते. त्यामुळे भाषा, सोयरीक आणि कुलाचार एक असूनही बुलढाणा जिल्ह्याच्या सीमेवरील गावांचे कायदे निराळे झाले.

मुलकी-गैरमुलकी या भेदाचे मूळ केवळ संकुचितपणात शोधणे अन्यायाचे ठरेल. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी राज्यकारभाराची नवी घडी बसविण्यासाठी मोहसिन-उल-मुल्क यांच्यासारखे कर्तबगार अंमलदार उत्तर हिंदुस्थानातून आणविले. कारभार सुधारला, परंतु मोठ्या हुद्द्यांवर परके बसलेले पाहून स्थानिकांच्या मनात असंतोष साचत गेला. अखेर 1919 च्या फर्मानाने मुलकी कोण याची व्याख्या ठरली. जन्माने जो मुलकी नव्हता, त्याने रियासतीत सलग 15 वर्षे वास्तव्य केलेले असावे आणि पूर्वीच्या गावी परत जाण्याचा विचार आपण सोडून दिला आहे असे प्रतिज्ञापत्र मॅजिस्ट्रेटसमोर करून द्यावे, अशी अट होती. पोटासाठी परमुलखात गेलेल्या मनुष्याकडून त्याच्या जन्मगावाचा त्याग लेखी मागणारी ही अट किती कठोर होती, हे निराळे सांगावयास नको.

विद्यार्थ्यांचीही कथा याच जातीची होती. 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू असल्यामुळे मराठी मुलांस त्याची वाट बिकट होती; आणि 1938 मध्ये ‘वंदे मातरम्’ गाण्याचा आग्रह धरला म्हणून तेथून विद्यार्थ्यांस घालवून देण्यात आले, तेव्हा वऱ्हाडातील महाविद्यालये ज्याच्या कक्षेत होती त्या नागपूर विद्यापीठाने, कुलगुरू केदार यांच्या पुढाकाराने, त्यांस प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले नरसिंह राव हे त्यांपैकीच एक.

1956 मध्ये विदर्भ आणि मराठवाडा एकाच राज्यात आले आणि ती सरहद्द मिटली. आपला की परका हा प्रश्न मात्र सातासमुद्रापलीकडे गेला. बुलढाणा जिल्ह्यात शेगावी 1983 पासून अभियांत्रिकी महाविद्यालय चालू आहे, आणि अशा महाविद्यालयांतून शिकलेल्या मुलांस ब्रिटन-अमेरिकेचे व्हिसाचे नियम आता घरच्या सातबाऱ्याइतकेच बारकाईने वाचावे लागतात. जुलै 2025 मध्ये ब्रिटनने कुशल कामगाराच्या व्हिसासाठी पदवीच्या तोडीचे काम आवश्यक ठरविले. त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेने नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लक्ष डॉलरचा आकार बसविला.

आपल्या प्रजेच्या रोजगाराचे रक्षण करण्याचा अधिकार प्रत्येक राज्यास आहे, हे निजामाच्या बाबतीत मान्य करून लंडन-वॉशिंग्टनच्या बाबतीत नाकारता येणार नाही. परंतु ज्याने आधीच्या नियमावर विश्वासून शेत गहाण टाकले, कर्ज काढले आणि मुलास परदेशी धाडले, त्यास त्याच नियमाप्रमाणे न्याय मिळणे हा राजधर्म होय. आणि जेव्हा एखादे दार बंद होते, तेव्हा आपल्या विद्यापीठांनी 1938 च्या नागपूरप्रमाणे आपले दार उघडावे, हे त्यांचे कर्तव्य होय.