कूटचलन विनिमयपेढी : खातेसुरक्षेचा इतिहास

कूटचलन विनिमयपेढी : बिटकॉइन, इथर इ. कूटचलनांची, म्हणजे व्यवहारात क्रिप्टोकरन्सी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चलनांची, परस्परांशी अथवा रुपया, डॉलर यांसारख्या अधिकृत चलनांशी खरेदी-विक्री घडवून आणणारी संगणकीय पेढी. साध्या पेढीवर ग्राहक पेढीने सांगितलेल्या भावाने सौदा करतो. प्रगत व्यापारमंचावर त्याला सर्व खरेदीदारांच्या व विक्रेत्यांच्या मागण्यांची उघडी यादी दिसते. भावाची मर्यादा घालून मागणी नोंदविता येते, उसन्या पैशावर सौदे करता येतात आणि स्वतःच्या संगणक-आज्ञावलीमार्फतही व्यवहार चालविता येतो [⟶ शेअर बाजार]. अशा मंचावर खाते उघडणाऱ्यास आज ज्या खबरदाऱ्या सांगितल्या जातात, त्यांतील बहुतेकींमागे एखादी बुडालेली किंवा लुटली गेलेली पेढी आहे. त्यामुळे त्यांचा विचार कालक्रमानेच करणे सोयीचे ठरते.

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या निबंधात बिटकॉइनची कल्पना मांडली गेली आणि ३ जानेवारी २००९ रोजी त्याच्या सार्वजनिक खातेवहीस प्रारंभ झाला. बँकेसारख्या मध्यस्थावर विश्वास टाकण्याची गरज उरू नये, हा त्यामागील हेतू होता. नाण्यावरील ताबा म्हणजे एका अतिशय मोठ्या गुप्त संख्येचे ज्ञान. तिला खाजगी किल्ली म्हणतात. या किल्लीने स्वाक्षरित झालेला व्यवहार खातेवहीत पक्का झाला की तो फिरविता येत नाही आणि तो रद्द करून देणारी कोणतीही कचेरी नाही. तथापि अधिकृत चलन देऊन नाणे घ्यावयाचे, तर कोणीतरी मध्यस्थ लागतोच. २०१० पासून असे मध्यस्थ पुढे आले आणि ज्याला टाळण्यासाठी हा सर्व खटाटोप झाला होता, त्याच्याच हाती ग्राहकांनी आपली नाणी सोपविली. पेढीत नाणी ठेवणाऱ्याजवळ किल्ली नसते. पेढीच्या वहीत त्याच्या नावे असलेली जमा तेवढी असते. पुढील सर्व इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो.

जेड मॅकेलेब यांनी जुलै २०१० मध्ये सुरू केलेली ‘माउंट गॉक्स’ ही या क्षेत्रातील पहिली मोठी पेढी. तिचे नाव मुळात एका खेळातील पत्त्यांच्या देवघेवीसाठी घेतलेले होते, यावरून या धंद्याच्या बाल्यावस्थेची कल्पना यावी. २०११ मध्ये ती मार्क कार्पेलेस यांच्याकडे गेली व तिचा कारभार टोकिओहून चालू लागला. त्याच वर्षी जूनमध्ये घुसखोरांनी विक्रीचा मारा करून तेथील बिटकॉइनचा भाव काही काळ एका सेंटपर्यंत पाडला. शिवाय ग्राहकांचे ई-मेल पत्ते व सांकेतिक रूपात साठविलेले परवलीचे शब्द यांची यादी बाहेर फुटली. एकच परवलीचा शब्द ठिकठिकाणी वापरणाऱ्यांची इतरत्र असलेली खातीही त्यामुळे धोक्यात आली. व्यापारखात्यासाठी स्वतंत्र ई-मेल व अन्यत्र न वापरलेला परवलीचा शब्द असावा, हा नियम तेव्हापासून वडीलधाऱ्यांच्या उपदेशासारखा सांगितला जातो आणि तसाच दुर्लक्षिलाही जातो. या संकटात मदतीसाठी टोकिओस गेलेले जेसी पॉवेल यांनी त्याच वर्षी ‘क्रेकन’ या पेढीची स्थापना केली.

परवलीच्या शब्दाला दुसऱ्या पडताळणीची जोड देण्याची पद्धत याच काळात पसरली. तिचे सर्वांत सोपे रूप म्हणजे भ्रमणध्वनीवर येणारा संदेश. परंतु दूरध्वनी कंपनीला फसवून दुसऱ्याच्या क्रमांकाचे सिमकार्ड मिळविणाऱ्या चोरांनी ते निकामी केले. २०२१ च्या मार्च ते मे या महिन्यांत अमेरिकेतील ‘कॉइनबेस’ पेढीच्या किमान ६,००० ग्राहकांची खाती संदेशाद्वारे होणाऱ्या पडताळणीतील दोषामुळे लुटली गेली. चोरांजवळ त्यांचे परवलीचे शब्द अगोदरच होते. २०११ मध्ये प्रमाणित झालेल्या कालाधिष्ठित संकेतांकाची पद्धत याहून बरी आहे. तीत पेढी व ग्राहकाचा भ्रमणध्वनी यांच्यात एक गुप्त संख्या सामाईक असते व तिच्यावरून साधारणपणे दर ३० सेकंदांनी नवा सहा अंकी संकेतांक तयार होतो. तो दूरध्वनीच्या जाळ्यातून येत नसल्यामुळे सिमकार्ड चोरून मिळत नाही. मात्र बनावट संकेतस्थळावर ग्राहकाने तो स्वतःच लिहिला, तर उपाय चालत नाही. संकेतस्थळाचा पत्ता तपासूनच उत्तर देणारी लहानशी यांत्रिक किल्ली ही उणीव भरून काढते.

बनावट संकेतस्थळ किती बेमालूम असू शकते, हे ७ मार्च २०१८ रोजी ‘बायनान्स’ पेढीवर दिसून आले. चोरांनी तिच्या रोमन लिपीतील नावातील अक्षरांखाली बारीक टिंबे असलेला पत्ता घेतला होता. घाईत ती टिंबे पडद्यावरील धुळीसारखी वाटावीत. तेथे फसलेल्या ग्राहकांच्या खात्यांत चोरांनी आज्ञावलीसाठी लागणाऱ्या, एपीआय नावाच्या किल्ल्या गुपचूप तयार करून ठेवल्या आणि ठरलेल्या दिवशी त्या खात्यांतील बिटकॉइन देऊन ‘व्हायाकॉइन’ हे अल्पज्ञात नाणे चढ्या भावाने खरेदी केले. विकणारे अर्थातच ते स्वतः होते. पेढीने पैसे काढणे तत्काळ थांबविल्यामुळे त्यांचा डाव फसला. परंतु केवळ सौदे करण्याची परवानगी असलेल्या किल्लीनेही खाते रिकामे करता येते, हे त्यातून स्पष्ट झाले.

प्रगत मंचावरील सर्वच हानी चोरीमुळे होत नाही. २१ जून २०१७ रोजी कॉइनबेसच्या त्या वेळच्या ‘जीडॅक्स’ या मंचावर एका फार मोठ्या विक्रीने खरेदीदारांची यादी खालपर्यंत खरवडून काढली. इथरचा भाव सु. ३२० डॉलरवरून पडू लागताच ‘स्टॉप लॉस’ या नावाने आगाऊ नोंदलेल्या विक्रीच्या मागण्या व उसन्या पैशावरील सौदे आपोआप विकले जाऊ लागले आणि काही क्षणांसाठी भाव १० सेंटवर आला. आपले नुकसान रोखण्यासाठी नोंदविलेल्या मागणीनेच अनेकांचे नुकसान झाले. नियमांप्रमाणे ते सौदे वैध होते. तरीही पेढीने पुढे ग्राहकांना भरपाई दिली. किमान भावाची मर्यादा न घातलेली ‘स्टॉप’ मागणी नवख्याने जपून वापरावी, असे म्हणतात ते याच कारणाने.

ग्राहकाने कितीही काळजी घेतली, तरी पेढीच्या स्वतःच्या किल्ल्यांचा प्रश्न उरतोच. २८ फेब्रुवारी २०१४ रोजी माउंट गॉक्सने टोकिओच्या न्यायालयात दिवाळखोरीपासून संरक्षणासाठी अर्ज केला. सु. ८,५०,००० बिटकॉइन नाहीसे झाल्याचे तेव्हा सांगण्यात आले, त्यांतील सु. २,००,००० पुढे एका जुन्या कोशात सापडले. धनकोंना नाण्यांच्या रूपात परतफेड सुरू होण्यास २०२४ चा जुलै उजाडला. जपानने १ एप्रिल २०१७ पासून पेढ्यांना नोंदणी बंधनकारक केली. तरीही जानेवारी २०१८ मध्ये तेथीलच ‘कॉइनचेक’ पेढीतून सु. ५,८०० कोटी येन किमतीची नाणी चोरीस गेली, कारण ती जालाशी सतत जोडलेल्या ‘हॉट वॉलेट’मध्ये ठेवलेली होती. हाँगकाँगच्या ‘बिटफिनेक्स’ने ऑगस्ट २०१६ मधील सु. १,२०,००० बिटकॉइनची चोरी सर्व ग्राहकांच्या शिलकेतून सु. ३६ टक्के कापून भरून काढली; ज्यांची नाणी गेली नव्हती, त्यांचीही. कॅनडातील ‘क्वाड्रिगासीएक्स’चा संस्थापक जेराल्ड कॉटन डिसेंबर २०१८ मध्ये जयपूर येथे मरण पावला व किल्ल्या त्याच्याबरोबरच गेल्याची वदंता उठली. ऑन्टॅरिओच्या रोखे आयोगाने २०२० मध्ये केलेल्या तपासात मात्र नुकसानीचे मुख्य कारण त्याने केलेली अफरातफर हे निघाले.

भारतात रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते ४ मार्च २०२० रोजी रद्द ठरविले. एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर लागू झाला आणि मार्च २०२३ मध्ये पेढ्या काळा पैसा प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आल्या. त्यामुळे वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे त्यांची नोंदणी व ग्राहकाची ओळखतपासणी आवश्यक झाली. अशी नोंदणी म्हणजे ठेवीची हमी नव्हे. बँकेतील ठेवीस ५ लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण असते, तसे येथे काहीही नाही. याचा प्रत्यय मुंबईत सुरू झालेल्या ‘वझीरएक्स’च्या ग्राहकांना १८ जुलै २०२४ रोजी आला. त्या दिवशी पेढीच्या एका कोशातून सु. २३ कोटी डॉलरची नाणी गेली. या कोशास अनेकांच्या स्वाक्षऱ्या लागत; परंतु कंपनीच्या निवेदनानुसार स्वाक्षरी करणाऱ्यांना पडद्यावर दिसलेला व्यवहार एक व प्रत्यक्ष स्वाक्षरित झालेला दुसराच होता. ग्राहकांची शिल्लक वर्षाहून अधिक काळ अडकून पडली व सिंगापूरच्या न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये व्यवहार पुन्हा सुरू झाले. ‘बायबिट’ या पेढीतून २१ फेब्रुवारी २०२५ रोजी झालेली सु. १५० कोटी डॉलरची चोरीही पडद्यावरील अशाच फसवणुकीतून घडली. याउलट ‘कॉइनडीसीएक्स’मधून जुलै २०२५ मध्ये गेलेले सु. ४.४ कोटी डॉलर कंपनीच्या स्वतःच्या कामकाजाच्या खात्यातील होते. ग्राहकांच्या ठेवी वेगळ्या असल्याने त्यांना झळ पोहोचली नाही.

खाते उघडताना म्हणून प्रथम पेढीची नोंदणी व ती ग्राहकांच्या ठेवी वेगळ्या राखते की नाही, हे पाहतात. संकेतस्थळाचा पत्ता जाहिरातीवरून वा शोधयंत्रावरून न घेता स्वतः लिहून जपून ठेवतात. पैसे भरण्यापूर्वीच दुसरी पडताळणी चालू करून, नाणी केवळ आधी नोंदविलेल्या पत्त्यांवरच जातील व नवा पत्ता काही तासांनंतरच लागू होईल, अशी व्यवस्था लावतात. पहिल्याने अगदी थोडी रक्कम भरून ती परत काढून पाहणे, हा साधा उपाय येथे फार उपयोगी पडतो. कारण बनावट पेढीत पैसे भरणे सोपे व काढणे अशक्य असते. आज्ञावलीसाठी किल्ली घेतल्यास तिला पैसे काढण्याचा अधिकार देत नाहीत व ती एकाच संगणकाच्या पत्त्याशी बांधतात. सौद्यासाठी लागत नसलेली नाणी पुष्कळजण स्वतःच्या यंत्रकोशात हलवितात. तेथे पेढी बुडण्याचे भय नसते; परंतु १२ किंवा २४ शब्दांचा पुनःप्राप्तिसंकेत हरवला व यंत्रही बिघडले, तर ती नाणी परत मिळत नाहीत. हा संकेत छायाचित्र काढून भ्रमणध्वनीत न ठेवता कागदावर वा धातूच्या पत्र्यावर उतरवून दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवतात, आणि तो कोठे आहे हे घरातील एका विश्वासू व्यक्तीस सांगून ठेवतात.