तळटीप : ‘प्लाता केमादा’ आणि १९६५ चा दरोडा

रिकार्दो पिग्लिया यांच्या १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीस आधारभूत असलेला दरोडा सप्टेंबर १९६५ मध्ये ब्युनॉस आयरेस प्रांतातील सान फेर्नांदो येथे, बँकेतून नगरपालिकेकडे नेल्या जाणाऱ्या रकमेवर पडला. आरोपी नदीपार उरुग्वेत फरार झाले आणि नोव्हेंबरात माँतेविदेओतील एका सदनिकेत पोलिसांनी त्यांस वेढले. उपसंहारात लेखकाने ही हकिकत सत्य म्हटली असली, तरी जबान्या, पोलिसी दप्तर व वृत्तपत्रीय मजकूर यांची येथील गुंफण सर्वस्वी कलावंताची आहे, हे वाचकाने विसरू नये. लुटीच्या नोटा जाळल्या जाताच रक्तपातापेक्षाही अधिक उसळणारा कादंबरीतील लोकक्षोभ हाच, आमच्या मते, या कृतीचा सर्वांत मर्मभेदी भाग होय.