घासलेटाचा वास आणि घाटाखालची शिडे

हिरण्यकेशी नदी आंबोलीच्या ज्या डोंगरात उगम पावते तेथून अरबी समुद्र इतका निकट आहे की, आभाळ निवळले असता कड्यावरून त्याची रेघ दिसते. तरीही ही नदी समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेस वळते, आजरा आणि गडहिंग्लज मागे टाकून आमच्या संकेश्वरास येते, आणि पुढे घटप्रभेत व तिच्याद्वारे कृष्णेत मिसळून थेट बंगालच्या उपसागराची वाट धरते. मालाचा ओघ मात्र तिच्या नेमका उलट वाहत असे. संकेश्वर-गडहिंग्लजची मिरची, निपाणीकडील तंबाखू, गुऱ्हाळांतील गूळ आणि काळ्या रानातले धान्य, हे सारे प्रथम लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून व नंतर घाटरस्ते झाल्यावर गाड्यांतून आंबोली उतरून सावंतवाडीमार्गे वेंगुर्ल्याच्या बंदरास जाई. आणि परतीच्या गाडीत शिरोड्याच्या मिठागरांतील मीठ, नारळ, सुकी मासळी आणि मुंबईहून गलबताने आलेला किरकोळ माल वर चढे. ज्या वेंगुर्ल्यात 1637 साली डच व्यापाऱ्यांनी आपली वखार घातली होती, ते बंदर लोहमार्ग येईपर्यंत बेळगाव प्रांताचे समुद्रद्वार होते असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. तेव्हा शिडाच्या गलबताच्या पोटात कोणता वास कोंडला होता, हा प्रश्न समुद्र कधीही न पाहिलेल्या संकेश्वरच्या व्यापाऱ्यालाही परका नव्हता.

गूळ, तंबाखू आणि मिरची ह्या तिन्ही जिनसा वास ओढून घेणाऱ्या आहेत. गुळाच्या ढेपेला दमट हवेत पाझर फुटतो आणि त्या ओल्या पृष्ठभागावर जवळचा कोणताही गंध चिकटतो. तंबाखूच्या पानाची तर ही प्रकृतीच आहे की, ते शेजारच्या मालाचा वास आपलासा करते आणि मग सोडत नाही. मालाचा हा स्वभाव जाणूनच गलबत भरावे लागते. कोणता माल तळाशी, कोणता वर, कोणत्या दोन जिनसांमध्ये चटया व पेंढा घालावयाचा, मासळीनंतर धान्य भरण्यापूर्वी गलबत किती दिवस उघडे ठेवावयाचे, हे तांडेलाचे शास्त्र होते. ते कोणत्याही दप्तरात नोंदलेले नसे, तर बापाकडून मुलाकडे आणि नाखव्याकडून खलाशाकडे जात असे.

ह्या शास्त्राचा पाया कोणत्या तेलांवर रचलेला होता हे ध्यानात घेतल्याखेरीज पुढे झालेली उलथापालथ समजणार नाही. कोकणच्या किनाऱ्यावर दिवा जळे तो उंडीच्या, करंजाच्या किंवा खोबऱ्याच्या तेलावर. गलबताच्या फळ्यांना आतून चोपडत ते मासळीचे तेल. सांध्यांत ठोसावयाचा कापूस भिजवीत तोही अशाच तेलात. आणि पाण्याखालील भागास चुना व तेल एकत्र कुटून केलेला लेप देत. ही सारी तेले वनस्पतींची किंवा प्राण्यांची, अर्थात स्निग्ध वर्गातील. अशा तेलाचा क्षाराशी संयोग झाला म्हणजे त्याचा साबण होतो. म्हणून राखेच्या निवळीने किंवा सोड्याने ते सुटते, आणि उरलेसुरले उन्हात वाळून घट्ट होऊन बसते. सांडलेल्या तेलावर राख टाकावी, घासावे, गरम पाण्याने धुवावे आणि वैशाखाच्या उन्हात उघडे टाकावे, ही पद्धत घरच्या समईपासून बंदरातील मचव्यापर्यंत सर्वत्र एकच होती, आणि ती यशस्वी होती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून खनिज तेल येऊ लागले आणि ही पद्धत एकाएकी अपुरी पडली. न्यूयॉर्क व फिलाडेल्फिया येथून मोठमोठ्या शिडांच्या जहाजांतून ते मुंबईस येई, ते पिंपांतून नव्हे, तर पत्र्याच्या चौकोनी डब्यांतून. एका डब्यात पाच अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे 19 लिटर तेल, आणि असे दोन डबे एका लाकडी खोक्यात, हा त्या व्यापाराचा जगभर प्रचलित झालेला घाट होता. डब्याचे सांधे कथलाने झाळलेले असत. मुंबईहून हीच खोकी मचव्यांत व पडावांत चढून किनाऱ्यावरील लहान बंदरांकडे निघत. आणि महासागर ओलांडताना, यारीने उतरताना व होडीत आदळताना ज्या डब्याचा झाळ कोठेतरी केसाएवढा उलला असेल, तो ह्या शेवटच्या मजलीत पाझरू लागे.

घासलेटाचा पाझर पाण्याच्या पाझरासारखा नसतो. पाणी जेथे थेंब होऊन थांबते तेथून घासलेट पातळ पदर होऊन पुढे सरकते. लाकडाच्या शिरांत, दोन फळ्यांच्या फटीत, दोरखंडाच्या पिळात ते आपोआप वर चढते. ते पाण्याहून हलके असल्यामुळे गलबताच्या तळाशी नेहमीच असलेल्या साचपाण्यावर तरंगते, आणि गलबत एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर कलले की त्या पाण्याबरोबर दोन्ही बाजूंच्या फळ्यांना नवा हात देते. खलाशी पाणी उपसतो तेव्हा पाणी निघून जाते आणि तेल फळ्यांवर मागे राहते. ह्याशिवाय घासलेट डांबर व राळ ह्यांना मऊ करते, म्हणजे जे द्रव्य सांधा राखण्यासाठी घातले त्याच्याच मुळावर ते येते. आणि सर्वांत महत्त्वाचे असे की, क्षाराशी त्याचा साबण होत नाही. राख ते शोषून घेते, परंतु पालटवीत नाही. सोड्याने भांड्याचा पृष्ठभाग स्वच्छ होतो, लाकडाच्या पोटातले तेल तसेच राहते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने सिद्ध झालेला उपाय निरुपयोगी ठरला, ह्यात तांडेलाचा किंवा त्याच्या विद्येचा काहीच दोष नव्हता. द्रव्याची जातच बदलली होती, आणि ती वार्ता त्याला सांगणारे कोणी नव्हते.

घाटावर हीच अडचण रिकाम्या डब्याच्या रूपाने घरोघर पोहोचली. तेल संपले तरी डबा टाकून देण्याची त्या काळी पद्धत नव्हती. त्याला आडवी काठी बसवून पाणी भरीत, त्यात धान्य व तूप साठवीत, भाजीपाल्याच्या वाफ्यांना पाणी घालीत. घासलेटाच्या डब्यातून पिण्याचे पाणी आणणे ही साधी गोष्ट नव्हे. राखेने व मातीने पुनःपुन्हा घासणे, गरम पाणी ओतणे, आणि मग तोंड उघडे ठेवून दिवसेंदिवस उन्हावाऱ्यात टाकणे, एवढा संस्कार झाल्यावर पत्र्याचा डबा शुद्ध होई, कारण पत्रा तेल पीत नाही. तोच संस्कार लाकडी फळीवर केला तर निष्फळ होई. पत्रा आणि लाकूड ह्यांतील हा भेद आमच्या बाजूच्या गृहिणींना हाताने कळलेला होता, आणि मला तो पुस्तकी रसायनाइतकाच आदरणीय वाटतो.

जगाच्या व्यापाराने ह्या प्रश्नाचे उत्तर शोधले ते डबाच नाहीसा करून. 1892 च्या ऑगस्ट महिन्यात इंग्रज व्यापारी मार्कस सॅम्युएल ह्याचे ‘म्युरेक्स’ हे जहाज बाटुमचे रशियन घासलेट आपल्या पोलादी टाक्यांत सुटे भरून सुएझ कालव्यातून पूर्वेकडे आले. परतीच्या फेरीत जहाज रिकामे नेणे परवडणारे नव्हते. म्हणून त्याच्या टाक्या वाफेने धुऊन त्यांत पूर्वेकडील सामान्य माल भरता यावा, अशी तजवीज त्या जहाजांच्या रचनेतच केलेली होती. तेलाच्या वासाने नासणारा माल त्याच टाकीतून न्यावयाचा, हे साहस पोलादामुळे व वाफेमुळे साधले. आमच्या किनाऱ्यावरील पडावापाशी ह्यांतले काहीही नव्हते. त्याला सागवानाची फळी, ऊन आणि वारा एवढ्यावरच भागवावे लागे, आणि त्याचा मार्ग म्हणजे तेलाच्या खेपेनंतर गूळ-तंबाखू किंवा मीठही न भरता कौले, लाकूडफाटा असा वासाने न नासणारा माल भरणे. दरम्यान 1880 नंतरच्या दशकात बेळगावास आगगाडी आली, मुरगाव बंदराचा मार्ग खुला झाला, 1891 साली कोल्हापूरही जोडले गेले, आणि वेंगुर्ल्याकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग विरळ होत गेली.

शिडाच्या नौकेतील इंधनाच्या वासाचा दुसरा अध्याय स्वातंत्र्यानंतर सुरू झाला. 1952 साली भारत आणि नॉर्वे ह्यांच्या कराराने केरळात मासेमारी नौकांच्या यांत्रिकीकरणाचा उपक्रम हाती घेण्यात आला. मुंबई राज्यातही कोळी बांधवांना इंजिनासाठी सरकारी साहाय्य मिळू लागले. आतापर्यंत तेल हा उतरून देण्याचा माल होता. आता ते नौकेच्या पोटात कायमचे वस्तीला आले. टाकी, तिच्यात तेल भरण्याची नळी, हवा खेळण्याची नळी, गाळणी, इंजिनाकडे जाणारी नळी आणि उरलेले तेल टाकीत परत आणणारी नळी, इतक्या जागी इतके जोड, आणि त्या सर्वांना लाटांचा व इंजिनाचा अहोरात्र हादरा. मासळीच्या बर्फात डिझेलचा गंध उतरला की लिलावात तिचा भाव पडतो, हे किनाऱ्यावर कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

ह्या अवस्थेत वास घालविण्याची जी रीत अनुभवाने ठरली ती जुन्या रीतीच्या उलट्या क्रमाची आहे, आणि येथे थोडे थांबून ती पाहणे उचित होईल. जुन्या तेलाच्या बाबतीत आधी धुणे हेच काम होते. येथे आधी शोध. उदबत्ती, कापूर किंवा अत्तर ह्यांनी वास झाकणे हे तर सर्वांत घातक, कारण वास हीच पाझराची पहिली वर्दी असते. प्रथम तळातले साचपाणी पाहावयाचे. त्यावर इंद्रधनुष्यी तवंग असेल तर तेल द्रवरूपाने गळते आहे, नसेल तर वाफ कोठून तरी सुटते आहे. मग तळ पूर्ण कोरडा करून प्रत्येक जोडाभोवती पांढरे स्वच्छ फडके गुंडाळावयाचे आणि इंजिन चालू ठेवावयाचे; ज्या फडक्यावर डाग उमटला तो जोड अपराधी. डाग कोठेच नसेल तर रबरी नळ्यांकडे वळावयाचे, कारण जुनी रबरी नळी बाहेरून कोरडी दिसत असतानाही तिच्या भिंतीतून वाफ सुटत असते: कोमट पाण्यात भिजवून पिळलेले फडके तिच्यावर घट्ट चोळावे आणि बाजूला नेऊन हुंगावे, फडक्याला वास आला तर नळी बदलण्यावाचून गत्यंतर नाही. टाकी काठोकाठ भरली असता नौका कलल्यावर हवेच्या नळीतून तेल बाहेर येते, तेही तपासावे. मूळ बंद झाल्यावरच साबण, गरम पाणी, शोषून घेणारा भुसा आणि दीर्घकाळ खेळती हवा. आणि जी फळी किंवा जो गादीचा कापूस तेल प्यायला असेल तो नौकेबाहेर काढणे.

वासाचा प्रश्न केवळ मालाच्या भावाचा नाही, जिवाचाही आहे, हे सरकारने फार पूर्वीच ओळखले होते. 1899 चा पेट्रोलियम कायदा आणि त्यानंतर 1934 चा कायदा ह्यांचे मूळ त्या जाणिवेत आहे. आजही जे इंधन 23 अंश सेल्सिअसच्या खालीच पेट घेण्याजोगी वाफ सोडते ते सर्वांत धोक्याच्या पहिल्या वर्गात धरतात. पेट्रोल त्यात येते, घासलेट त्याच्या पुढच्या वर्गात. ही वाफ हवेहून जड असल्यामुळे शिडाच्या उघड्या नौकेतही वर न उडता तळाशी जाऊन बसते, म्हणून वर मोकळा वारा आहे ह्या भरवशावर राहणारा फसतो.

एका कवचातील ही अडचण केवळ माल व मासळी वाहणाऱ्या नौकांची नाही. मुंबईच्या कारागिरांनी कुलाब्यात सागवानात बांधलेली अवघी 32 फुटांची ‘सुहैली’ घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ह्यांनी 22 एप्रिल 1969 रोजी एकट्याने, कोठेही न थांबता, पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. त्या सफरीत पिण्याच्या पाण्याच्या टाक्या दूषित झाल्यामुळे त्यांना पावसाच्या पाण्यावर राहावे लागले होते. त्यानंतर चाळीस वर्षांनी दिलीप दोंदे ह्यांनी गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकट्याने, मध्ये चार मुक्काम करून, प्रदक्षिणा केली. लहान नौकेत पाणी, अन्न, इंधन आणि माणूस एकाच कवचात राहतात, ही अडचण पडावाच्या काळी होती तशीच आजही आहे.

मुंबई सरकारच्या जुन्या गॅझेटियरांपैकी रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड 1880 साली आणि बेळगावचा 1884 साली निघाला. गलबतांचे प्रकार, बंदरांची जकात, घाटांतील गाड्या ह्यांचे तपशील त्यांत आदराने जपले आहेत. परंतु घासलेटाचा खरा लोंढा त्यांच्यानंतर आला, आणि त्याने खलाशाच्या हातांतील विद्या कशी पालटली ह्याची नोंद कोणत्याही मामलेदार कचेरीने ठेवली नाही. वेंगुर्ले, रेडी, मालवण येथे शिडाच्या मचव्यावर माल भरलेल्या तांडेलांचे मुलगे व नातू अजून भेटतील, आणि घाटावर गाडीवानांचे नातूही. त्यांच्यापाशी वही घेऊन बसले पाहिजे, आणि तेही लौकर. विचारावयाचे प्रश्न साधे आहेत: घासलेटाची खोकी गलबतात कोणत्या बाजूला रचीत, पाझरणारा डबा अंधारात कसा ओळखीत, त्या खेपेनंतर कोणता माल भरण्यास मालक नकार देत, आणि वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर गुळाची ढेप गाडीतून उतरवताना ती गलबतात चढविण्याआधी फळी हुंगून पाहण्याचे काम कोणाकडे असे.