मुस्तफाची पेटी आणि कल्हईचं कथील

आज बोलायचं आहे एका अशा यंत्राबद्दल, जे आपल्यापैकी कितीतरी जणींनी रस्त्यावरून पाहिलं, पण हात लावून पाहिलं नाही. नव्वदच्या दशकात तालुक्याच्या गावांतही व्हिडिओ गेमची दुकानं निघाली होती. कपाटाएवढी लाकडी पेटी, वर काच, खाली दांडी आणि बटणं. नाणं टाकलं की खेळ सुरू. आत मुलांची ही गर्दी! पण एखादी मुलगी त्या दारात क्षणभर थांबली, तर ती घरी पोचायच्या आत बातमी पोचायची.

पुढे घरोघरी संगणक आणि मोबाइल आले, दुकानं बंद पडली. पेट्या भंगारात गेल्या. काही मात्र कुणाच्या पडवीत, धान्याच्या पोत्यांमागे राहिल्या. तुमच्याकडे अशी एखादी असेल, तर विकण्याआधी तिचा इतिहास ऐका. दुरुस्तीची वाट त्यातूनच सापडते.

सुरुवात 1972 सालची. अमेरिकेत कॅलिफोर्नियात अटारी नावाची कंपनी निघाली. तिथले इंजिनिअर अ‍ॅलन अल्कॉर्न यांनी 'पाँग' हा टेबल टेनिससारखा खेळ बनवला आणि पहिलं यंत्र सनीव्हेल गावातल्या एका गुत्त्यात ठेवलं. थोड्याच दिवसांत निरोप आला, की यंत्र बंद पडलंय. अल्कॉर्न गेले, पेटी उघडली, तर आतला नाण्यांचा डबा गच्च भरलेला! नाणी मावत नव्हती, म्हणून खेळ अडला होता. म्हणजे आधी साधं कारण बघायचं. वायर, फ्यूज, नाण्याच्या वाटेतला छोटा स्विच. पेटीचा प्लग काढून एवढं तपासायला मिस्त्री लागत नाही.

आता बायकांचा भाग. हे खेळ पुरुषांच्या अड्ड्यांत वाढले, हे जपानच्या नामको कंपनीतल्या तोरू इवातानी या तरुणाला खटकलं. बायकांनी, जोडप्यांनीही यावं म्हणून त्यांनी मारामारी सोडून खाण्याचा खेळ रचला. तो 1980 सालचा 'पॅक-मॅन'. पुढच्याच वर्षी अटारीचा 'सेंटिपीड' आला. तो डोना बेली या बाईंनी एड लॉग यांच्या जोडीने तयार केला. त्या विभागात प्रोग्राम लिहिणाऱ्या त्या एकट्याच बाई होत्या. तो खेळही बायकांना फार आवडला. म्हणजे ज्या यंत्रापासून आपल्या मुलींना लांब ठेवलं, ते घडवताना कुणीतरी बायकांचा विचार केला होता आणि एका बाईने ते स्वतःच्या हाताने घडवलंही होतं.

आपल्याकडे सगळ्यात गाजला तो 'मुस्तफा'. खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', जपानच्या कॅपकॉम कंपनीचा, 1993 सालचा. त्यातल्या चार गड्यांपैकी एकाचं नाव मुस्तफा, म्हणून पोरांनी अख्ख्या खेळालाच ते नाव दिलं. या खेळाच्या मूळ बोर्डवर एक लहानशी बॅटरी असते. खेळाची गुप्त किल्ली तिच्या जोरावर टिकते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि बाकी सगळं शाबूत असूनही बोर्ड चालत नाही. नकला होऊ नयेत म्हणून केलेली ही युक्ती. तरी नकली बोर्ड खूप फिरले, आणि त्यांतल्या पुष्कळांत ही बॅटरी नसते. तेव्हा पेटी उघडल्यावर आपला बोर्ड कोणता, हे आधी जाणकाराला दाखवा.

1985 साली जपानमधल्या यंत्रं बनवणाऱ्यांच्या संघटनेने ठरवलं, की सगळ्यांनी 56 टोकांचा एकच जोड वापरावा. त्यामुळे पेटी तीच ठेवून नुसता बोर्ड बदलला की नवा खेळ मिळायचा. आज याचा आपल्याला फायदा आहे. बरीच यंत्रं या जोडाच्या टोकांवर गंज आल्यानेच अडतात. प्लग काढून बोर्ड बाहेर घ्या, टोकं पोरांच्या खोडरबराने हलक्या हाताने घासा, भुगा झटका, कोरड्या कापडाने पुसा.

एका गोष्टीला मात्र हात लावू नका. काचेमागे जुन्या टीव्हीसारखी पिक्चर ट्यूब असते. प्लग काढल्यावरही तिच्यात हजारो व्होल्टचा भार उरू शकतो. ते काम जुने टीव्ही दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचंच.

राहिला सुटलेला जोड. इथे आपलं भंडारा उपयोगी पडतं. आपला जिल्हा पितळेच्या भांड्यांचा, त्यामुळे कल्हई आपल्याला वेगळी सांगायला नको. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, मग कथील फिरवायचं. नवसागर भांड्यावरचा मळ आणि गंज काढतो, म्हणून कथील धरतं. बोर्डवरचं सोल्डर म्हणजे तेच कथील, जुन्या पद्धतीत शिसं मिसळलेलं. तिथे नवसागराचं काम राळ करते. नवसागर मात्र बोर्डला चालत नाही, तो बारीक तारा खाऊन टाकतो. सोल्डर करताना खिडकी उघडी ठेवा, काम स्वयंपाकघरात करू नका आणि शिशामुळे नंतर हात साबणाने धुवा. आजीने कल्हईवाल्याजवळ बसून पाहिलेली विद्या नातीच्या हातात अशी येते.

पेटी सुरू होवो न होवो, उघडण्याआधी एक वही घ्या. कोणता खेळ, पेटी कोणत्या दुकानातली, एका खेळाला किती पैसे पडायचे, कोण खेळायचं, हे जुन्या माणसांना विचारून लिहा. बायांनाही विचारा, की त्या दारापर्यंत गेल्या होत्या का आणि कुणी परत पाठवलं. आपल्या गावांचा हा इतिहास कुठल्याच पुस्तकात आलेला नाही, तो वहीत तरी उतरू द्या. आणि मीटर लावून व्होल्ट मोजायची वेळ आली, की मिस्त्रीशेजारी घरातल्या मुलीला बसवा. मोजून बघू दे तिलाच.