मुलांना हसवणाऱ्याचं दुःख: गोष्ट आणि पुरावा

ही गोष्ट तुम्ही कुठे ना कुठे ऐकली असेलच. एक माणूस डॉक्टरकडे जातो आणि सांगतो, मन फार उदास असतं. डॉक्टर म्हणतात, औषध कशाला? शहरात अमुक विदूषकाचा खेळ लागलाय, तो बघून या. माणूस म्हणतो, "डॉक्टर, तो विदूषक मीच."

लंडनमध्ये ही गोष्ट जोसेफ ग्रिमाल्डीच्या (१७७८–१८३७) नावावर सांगतात, पॅरिसमध्ये देब्युरोच्या. आता संशोधक म्हणून विचार करा. एकच गोष्ट वेगवेगळ्या शहरांत वेगवेगळ्या नावांनी फिरत असेल, तर ती त्या माणसाबद्दलचा पुरावा ठरत नाही. प्रेक्षकांना विदूषक कसा हवा होता, याचा मात्र ती पुरावा ठरते. बाहेर हसणारा आणि आत रडणारा विदूषक आपल्याला इतका सवयीचा आहे की 'मेरा नाम जोकर' (१९७०) मधला, आई गेल्यावरही खेळ करणारा राजू आपल्याला लगेच पटतो.

पण मुलांना हसवणं हे पोटापाण्याचं काम म्हणून पाहिलं तर काय दिसतं? यासाठी एक चांगलं साधन आहे: हेन्री मेह्यू या पत्रकाराने घेतलेल्या लंडनच्या कष्टकऱ्यांच्या मुलाखती. १८४९-५० मध्ये तो 'मॉर्निंग क्रॉनिकल'साठी गरिबांच्या कामाबद्दल लिहीत होता. तिथून पुढे 'लंडन लेबर अँड द लंडन पुअर' हा ग्रंथ उभा राहिला. १८६१ साली निघालेल्या त्याच्या तिसऱ्या खंडात रस्त्यावरचे कलाकार भेटतात: पंच-जूडीचा बाहुल्यांचा खेळ करणारे, जादूगार, विदूषक. गंमत म्हणजे १८४१ साली 'पंच' हे विनोदी साप्ताहिक सुरू करणाऱ्यांत मेह्यू स्वतः होता. ज्या बाहुल्याचं नाव साप्ताहिकाने घेतलं, तो बाहुला खांद्यावरून वाहणारा माणूस या खंडात बोलतो.

आणि तो काय बोलतो? मनाच्या उदासीबद्दल फारसं नाही. दिवसाला बारा ते वीस मैल चालावं लागतं. खेळाच्या चौकटीचं ओझं निदान अर्धा हंड्रेडवेट, म्हणजे साधारण पंचवीस किलो. कोणत्या चौकात गर्दी जमते, साथीदाराला किती द्यायचं, हे सगळं तो सांगतो. श्रीमंतांच्या घरून आलेल्या खेळाच्या बोलावण्याला हे लोक 'ऑर्डर' म्हणत. आपल्याकडे बँडवाले आणि आचारी आजही हाच शब्द वापरतात! रस्त्यावर टोपीत काय पडेल याचा नेम नसे, म्हणून घरातल्या मुलांसाठी ठरलेला खेळ मोलाचा. पण बोलावणं यायचं की नाही, हे त्याच्या हातात नव्हतं.

त्याच खंडात रस्त्यावरचा एक विदूषक आहे. तो उदास असतो हे खरंच, पण कारणही सांगतो: लोकांसमोर वेडेपणा करताना डोक्यात घरातलं रिकामं कपाट असतं. इथे डॉक्टरची गोष्ट पार गळून पडते. या दुःखात गूढ असं काही नाही, घरात खायला नाही एवढंच. 'कलावंताचं दुःख' म्हटलं की आपण मजुरीबद्दल विचारायचं विसरतो. माझ्या मते त्या लोकप्रिय गोष्टीने केलेलं सगळ्यात मोठं नुकसान हेच आहे.

आता एक तुलना करू. डिसेंबर १८४३ मध्ये विल्यम मॅक्रेडी या नटाच्या घरी त्याच्या मुलीच्या वाढदिवसाची पार्टी होती. तिथे तासभर जादूचे खेळ कोणी केले? चार्ल्स डिकन्सने! हॅटमध्ये कच्चं साहित्य टाकून त्याने गरमागरम प्लम पुडिंग काढलं. जेन कार्लाइल त्या पार्टीला हजर होती आणि तिने हे एका पत्रात रंगवून लिहिलं, म्हणून आपल्याला कळतं. याच शहरात पैशासाठी असे खेळ करणारे जादूगार होते. पण डिकन्सची हौस एका पार्टीसह नोंदली गेली, आणि पोटासाठी खेळणाऱ्यांची हकीकत मेह्यूने विचारलं तेव्हाच कागदावर आली. दोघांचं काम जवळपास सारखंच होतं, तरी त्यांच्याबद्दल उरलेली साधनं अगदी वेगळी आहेत.

मग मेह्यूवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा का? नाही. त्याने बहुतेक ठिकाणी स्वतःचे प्रश्न गाळले आणि उत्तरं सलग निवेदनासारखी छापली. त्यामुळे माणूस आपणहून बोलतोय असा भास होतो. अशा मजकुरात प्रत्येक वाक्याआधी कोणता प्रश्न आला असेल, हे समासात लिहून बघा. उत्पन्नाबद्दल इतकं बोलणं आहे, ते सांगणाऱ्याला महत्त्वाचं वाटलं म्हणून की मेह्यूने खोदून विचारलं म्हणून? ग्रिमाल्डीच्या आठवणींचंही तसंच. त्याचं मूळ हस्तलिखित आधी विल्क्स या लेखकाने कापलं, मग डिकन्सने नव्याने बेतलं आणि १८३८ मध्ये पुस्तक आलं. तिथला आवाज कोणाचा, हे आधी तपासावं लागतं.

कलाकारांवर शोधनिबंध करायचा विचार असेल, तर 'त्यांच्या व्यथा' असा विषय घेऊ नका, फार पसरट होतो. चार साधे प्रश्न घ्या: पैसे कोण आणि कधी देतं? हंगाम किती महिन्यांचा? सामान कोण वाहतं? आजारी पडल्यावर घर कसं चालतं? वाढदिवसाला येणाऱ्या जादूगाराची किंवा मॉलमध्ये कार्टूनचा पोशाख घालून उभ्या असलेल्या मुलाची मुलाखत घ्यायची असेल, तरी हेच प्रश्न चालतील. फक्त उत्तरांबरोबर तुमचे प्रश्नही लिहून ठेवा, पुढच्या संशोधकाला ते लागतील.