परभणी जिल्ह्यातील दळणवळण, लिपी आणि अभिलेख

ग्रामीण भागाला संगणकीय दळणवळणाच्या कक्षेत आणण्याचा विचार बहुधा तारा, मनोरे आणि यंत्रे यांच्या संख्येवरून केला जातो. प्रस्तुत निबंधात हाच प्रश्न परभणी जिल्ह्यापुरता, अभिलेखाच्या भाषेच्या अंगाने तपासावयाचा आहे. जो अभिलेख मनुष्याच्या नावे आहे तो त्याला स्वतः वाचता-लिहिता येतो काय, ही आमच्या मते या बाबतीतली खरी कसोटी होय.

हा जिल्हा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानच्या कारभारात 1884 साली फारसीची जागा उर्दूने घेतली. 1900 च्या सुमारास मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग पुरा होऊन सेलू, परभणी, पूर्णा ही गावे मुंबईच्या कापूसबाजाराशी जोडली गेली. अशा रीतीने रयतेची बोली मराठी, गावच्या जुन्या कागदाची लिपी मोडी, कचेरीची भाषा उर्दू आणि तारेची लिपी रोमन, अशी चमत्कारिक विभागणी झाली. या अंतरावरच अर्जनवीसाचा व्यवसाय उभा होता. मार्ग खुला झाला, परंतु त्यावरून जाणारा मजकूर दुसऱ्याच्या हातचा राहिला.

1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1964 च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. तथापि जुन्या कागदांचे महत्त्व त्यामुळे संपले नाही. 1954 चे खासरा पत्रक आजही जमिनीच्या वादांत पुरावा म्हणून पुढे येते. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामानिमित्त मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी व उर्दू वाचणाऱ्यांची निकड सर्वांच्या ध्यानात आली. कागदाचे छायाचित्र संगणकावर चढविता येते. ते वाचणारा मात्र तयार करावा लागतो.

येथे एका शब्दाचा इतिहास उद्बोधक ठरेल. ‘पाहणे’ या क्रियापदापासून झालेला ‘पाहणी’ हा शब्द महसुली परिभाषेत ‘पहाणी पत्रक’ या रूपाने रूढ झाला आणि तेलंगण व कर्नाटक येथेही जमिनीच्या उताऱ्याचे नाव म्हणून पसरला. पीक पाहावयाचे ते अधिकाऱ्याने आणि नोंद लिहावयाची तीही त्यानेच, असा त्याचा संकेतार्थ होता. 15 ऑगस्ट 2021 रोजी राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीने शब्द तोच ठेवला, पण त्याचा कर्ता बदलला. शेतकऱ्याने आपल्या शेतात उभे राहून भ्रमणध्वनीवर पिकाचे छायाचित्र घ्यावयाचे व नोंद स्वतः करावयाची. रयतेच्या हाती लेखणी देणारा हा बदल सामान्य नव्हे.

मात्र या बदलाची पूर्वतयारी समतोल झाली असे म्हणवत नाही. युनिकोड संकेतावलीत देवनागरीचा समावेश 1991 पासूनच होता. तरी पुढे कित्येक वर्षे निरनिराळ्या फॉन्टांची संकेतयोजना निरनिराळी राहिली, आणि एका कचेरीतला मराठी मजकूर दुसरीत निरर्थक चिन्हांच्या रूपाने उमटे. 2001 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या अभ्यासक्रमाने संगणकाची ओळख गावोगाव पोहोचविली. 2011 मध्ये ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची केंद्रीय योजना मंजूर झाली. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा मिळू लागला. परंतु त्याच 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता 73 टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे सात वर्षांवरील दर चार माणसांत एकाला कोणतीच लिपी वाचता-लिहिता येत नव्हती.

ज्यांना लिपी येते त्यांचीही अडचण निराळ्या स्वरूपात शिल्लक राहते. ‘ज्ञानोबा’ हे या भागातील अगदी परिचित नाव. सात-बारावर ते देवनागरीत एकाच रीतीने लिहिले जाते. रोमन लिपीत मात्र त्याचा आरंभ कोठे ‘डी’ने, कोठे ‘जी’ने, तर कोठे ‘जे’ने होतो. मनुष्याला ही तिन्ही नावे एकच वाटतात, यंत्राला ती तीन माणसे वाटतात. मग बँकेचे खाते, आधारपत्र आणि उतारा यांचा मेळ घालण्यासाठी शेतकऱ्याला सेवा केंद्राची पायरी चढावी लागते. ई-पीक पाहणीतही, ज्यांची नोंद स्वतःच्या हातून होत नाही त्यांच्यासाठी सहायकाची योजना करावी लागली. ही मदत आवश्यक आहे यात शंका नाही. परंतु अर्जनवीसाची जागा नव्या रूपात भरली गेली, हेही नाकारता येत नाही.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. शेतकऱ्याला व लहान व्यापाऱ्याला द्यावयाचे संगणकशिक्षण हे प्रथम लिपीचे शिक्षण असले पाहिजे. त्यात देवनागरी कळफलक, आपला उतारा वाचणे आणि चुकलेली नोंद ओळखणे यांना अग्रस्थान हवे. दुसरे असे की, मराठी नावांच्या रोमन लेखनाचे नियम ठरविणे आणि मोडी व उर्दू अभिलेखांचे वाचक घडविणे ही कामे तंत्रज्ञांवर सोपवून चालणार नाही. ती भाषाविभागांची आहेत. आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एकेका तालुक्यातील नावांचा व महसुली शब्दांचा संग्रह हाती घेतल्यास या कार्याचा आरंभ होऊ शकेल.